तुम्ही विचारलंत म्हणून : स्टार ट्रेकमधली सगळ्यांत चांगली मालिका कोणती?

मी स्टार ट्रेक या अमेरिकी अंतराळकथांच्या मालिकांबद्दल बोलायला लागले की समोरून एक प्रश्न हमखास येतो. ‘एवढ्या मालिका आहेत, त्यांतली सगळ्यांत चांगली कोणती?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘मग तीच बघायला घेऊ का?’ पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘डीप स्पेस नाइन’ आणि दुसऱ्याला ‘आत्ताच नको’. ही दोन उत्तरं एकदम ऐकली की माणसं गोंधळतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. ओघात काही कथांचे शेवट सांगावे लागतील. ज्यांना ते आधी कळलेले चालत नाहीत त्यांनी सरळ शेवटच्या तीन परिच्छेदांवर जावं.

या सगळ्या मालिका एकाच विश्वात घडतात, पण त्या एकसारख्या नाहीत. प्रत्येक मालिका आधीच्या मालिकेशी बोलते, कधी कधी भांडते. त्यामुळे त्यांची तुलना करताना मी एकच गोष्ट बघते. तत्त्व आणि गरज समोरासमोर उभी ठाकली की त्या मालिकेचा कॅप्टन काय करतो, आणि केल्यावर त्याचं पुढे काय होतं.

सुरुवात अर्थातच १९६६ ची. ८ सप्टेंबरला अमेरिकेत एनबीसीवर जीन रॉडनबेरी यांची मालिका सुरू झाली, तीन सीझन चालली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. तिच्यात एक वचन होतं. माणूस स्वतःचा नाश न करता टिकेल, शहाणा होईल आणि इतरांशी जुळवून घ्यायला ताऱ्यांपर्यंत जाईल. शीतयुद्ध चालू असताना अंतराळजहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, रशियन चेकॉव्ह बसतो, शेजारी आशियाई वंशाचा सुलू, आणि मागे संदेशयंत्रणा सांभाळणारी कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर सोडून जाणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवलं असं त्या पुढे नेहमी सांगत. आपल्याकडच्या प्रेक्षकाला याच मालिकेत खान नूनियन सिंगही भेटतो. १९६७ च्या भागात तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा असं एक पात्र म्हणतं, आणि भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेले रिकार्डो मोंटालबान करतात. खऱ्याखुऱ्या मुंबईकर पर्सिस खंबाटा आल्या त्या १९७९ च्या पहिल्या चित्रपटात, इलियाच्या भूमिकेसाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवून. त्यांचा तो करारी चेहरा मला आजही त्या चित्रपटातली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट वाटते.

या मालिकेचा कॅप्टन कर्क. त्याच्यासमोरचा पेच ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ या भागात येतो. काळात मागे जाऊन १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये तो ईडिथ कीलर नावाच्या, गरिबांना जेवू घालणाऱ्या बाईच्या प्रेमात पडतो. ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. गाडी तिच्या अंगावर येत असताना जहाजाचा डॉक्टर मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला धरून ठेवतो. दूरचित्रवाणीसाठी हे फार मोठं धाडस होतं. पण पुढच्या भागात कर्क पूर्वीसारखाच ताजातवाना. त्या काळी मालिका तशाच लिहिल्या जात. दुःखाला आठवड्याची मुदत असे.

‘नेक्स्ट जनरेशन’ १९८७ मध्ये आली आणि १७८ भाग चालली. पहिला सीझन मला बघवत नाही, दुसरा अर्धामुर्धा चालतो. रॉडनबेरी यांचा आग्रह होता की चोविसाव्या शतकातली ही माणसं एकमेकांशी क्षुद्र कारणांवरून भांडणार नाहीत. लेखकांना त्याचा जाच व्हायचा, कारण भांडणाशिवाय नाट्य आणायचं कुठून? पण याच बंधनामुळे मालिकेला तिचं खरं सामर्थ्य सापडलं. भांडण नाही तर युक्तिवाद. ‘द मेजर ऑफ अ मॅन’ हा दुसऱ्या सीझनमधला भाग मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लिहिला. त्या आधी वकील होत्या आणि ते वाक्यावाक्यात कळतं. डेटा हा यंत्रमानव अधिकारी. एका शास्त्रज्ञाला त्याचे भाग सुटे करून तसेच हजारो बनवायचे आहेत. डेटा नकार देतो, तर तो ज्या अंतराळदलात काम करतो त्या स्टारफ्लीटच्या मालकीची वस्तू आहे, त्याला नकाराचा हक्कच नाही, असा निवाडा येतो. त्या निवाड्याविरुद्ध सुनावणी होते आणि डेटाचा मित्र रायकर याला नाइलाजाने त्याच्याविरुद्ध उभं राहावं लागतं. रायकर त्याचा हात काढून न्यायाधीशांपुढे ठेवतो, मग पाठीवरची कळ दाबून त्याला बंदच करून टाकतो. डेटाची बाजू मांडणारा, हरत चाललेला कॅप्टन पिकार्ड जहाजावरचं पेयगृह सांभाळणाऱ्या गायननकडे जातो. त्या भूमिकेत वूपी गोल्डबर्ग आहेत, आणि नको असलेली कामं करायला ठेवलेल्या, मनात येईल तेव्हा टाकून देता येणाऱ्या माणसांबद्दल त्या शांतपणे बोलतात, तेव्हा ‘गुलामगिरी’ हा शब्द पिकार्डच्या तोंडी यायला वेळ लागत नाही. एक डेटा म्हणजे नवलाची वस्तू, हजारो डेटा म्हणजे एक जमात, आणि तिला आपण कसं वागवतो यावरून आपली पारख होणार, हा त्याचा मुद्दा. निकाल देणारी बाई डेटाला आत्मा आहे असं म्हणत नाही. तो प्रश्न त्याचा त्यानं शोधावा, एवढं स्वातंत्र्य ती त्याला देते.

याच पिकार्डला १९९२ च्या ‘आय, बोर्ग’मध्ये शत्रूची सगळी जमात संपवायची संधी मिळते. बोर्गांनी, म्हणजे इतरांना पकडून यंत्राचा भाग करून टाकणाऱ्या त्या जमातीनं, त्याचं शरीर आणि मन बळकावून त्याच्याच माणसांवर हल्ला करवलेला असतो, म्हणजे सूडाचं कारण त्याच्याइतकं कुणाकडेच नाही. तरी तो ती संधी सोडतो. मला हा पिकार्ड पूज्य आहे. पण एक प्रश्न ही मालिका सहसा विचारत नाही. त्या निर्णयाची किंमत कोण मोजतं? जहाज गाव सोडून पुढे निघून जातं, मागे काय उरलं ते गावानं बघायचं.

‘डीप स्पेस नाइन’ त्या गावातच राहते. १९९३ मध्ये रिक बर्मन आणि मायकेल पिलर यांनी मालिका बांधली ती जहाजावर नाही, एका जुन्या अंतराळस्थानकावर. शेजारचा बेजोर हा ग्रह कार्डेशियन सत्तेच्या जाचातून नुकताच सुटलेला. फेडरेशन, म्हणजे पृथ्वीसह अनेक ग्रहांचा संघ, तिथे मदतीला येतं, आणि तिथल्या किरा नेरिसला ते नको असतं. एक परकी सत्ता गेली, लगेच दुसरी कशाला? ती आधीच्या लढ्यात होती. तिनं माणसं मारलेली आहेत आणि ती ते लपवत नाही. वसाहतीचा इतिहास असलेल्या देशातल्या प्रेक्षकाला किरा समजावून सांगावी लागत नाही.

पहिल्या सीझनमधला ‘ड्युएट’ बघा. पैसे वाचवायला मोजक्या सेटवर केलेला भाग, बहुतेक वेळ एक कोठडी आणि दोन माणसं. किरासमोर एक कार्डेशियन कैदी आहे. गॅलिटेप छावणीतल्या कत्तलींची तो फुशारकी मारतो. हळूहळू उलगडतं की तो छावणीचा क्रूर प्रमुख नाहीच, तिथला साधा कारकून आहे. किंकाळ्या ऐकून कानांवर हात ठेवणारा. त्याला प्रमुख म्हणून फासावर जायचं आहे, म्हणजे त्याच्या देशाला आपला गुन्हा कबूल करावा लागेल. आयुष्यभर कार्डेशियनांचा द्वेष केलेली किरा त्याला सोडून देते, आणि बाहेर पडताच एक बेजोरन त्याला भोसकतो. कार्डेशियन आहे, एवढं कारण त्याला पुरेसं वाटतं. किरा म्हणते, नाही, पुरेसं नाही. संपूर्ण स्टार ट्रेकमधून एकच भाग ठेवायचा झाला तर मी हाच ठेवेन.

आणि मग स्थानकाचा प्रमुख सिस्को, त्याचा पेच. १९९८ चा ‘इन द पेल मूनलाइट’. डोमिनियन या बलाढ्य परक्या सत्तेशी युद्ध चालू आहे, दर शुक्रवारी मृतांची यादी लागते, फेडरेशन हरत चाललं आहे. अजून बाहेर राहिलेली रोम्युलन ही दुसरी मोठी सत्ता युद्धात उतरली तरच काही आशा. सिस्को खोटा पुरावा तयार करायला निघतो. मदतीला गॅरॅक, स्थानकावरचा शिंपी, पूर्वाश्रमीचा हेर. एक खोटं झाकायला दुसरं, मग लाच, मग धमकी. रोम्युलन सिनेटरला बनावट ओळखू येते, आणि परतीच्या वाटेवर त्याच्या यानात स्फोट होतो. गॅरॅकनं ती सोय आधीच करून ठेवलेली असते. रोम्युलन युद्धात येतात. एक सिनेटर, तो पुरावा बनवून देणारा एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान, एवढ्यात सगळं वाचलं, हा गॅरॅकचा हिशेब सिस्कोला खोडता येत नाही. तो कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की याच्यासह मी जगू शकतो. परत सांगतो. मग ती सगळी नोंद पुसून टाकतो. सिस्को साकारणारे एव्हरी ब्रुक्स यांचा आवाज त्या दुसऱ्या वेळेला जसा लागतो, तो ऐकायला हवा.

‘हे स्टार ट्रेक वाटतच नाही’ असं या मालिकेबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना माझा ठाम विरोध आहे. पिकार्डनं जे करायला नकार दिला ते इथे फेडरेशनमधलीच एक गुप्त शाखा करते. शत्रूची जमात मारायला रोग पसरवते. पण युद्ध त्या रोगानं संपत नाही. स्थानकावरचा ओडो मुळात त्याच जमातीतला. तो आपल्या लोकांच्या नेत्रीला स्वतःहून बरी करतो, विश्वास ठेवतो, आणि ती शरणागतीचा आदेश देते. पिकार्डचं तत्त्व जिंकतं, फक्त ते जिंकेपर्यंत किती माणसं गेली हे सात वर्षं आपल्याला बघायला लावलं जातं.

‘व्हॉयेजर’ (१९९५ ते २००१) माझी आवडती होता होता राहिली. घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलेलं जहाज, आणि त्यावर अधिकारी व बंडखोर एकत्र कोंडलेले. यापेक्षा चांगली कल्पना कुठल्याच मालिकेला मिळाली नाही. पण बंडखोर लवकरच गणवेशात शिस्तीत वावरू लागतात आणि जहाज दर आठवड्याला लखलखीत. तरी जहाजाची कॅप्टन जेनवे हिचे दोन निर्णय मी विसरू शकत नाही. ‘टूव्हिक्स’मध्ये अपघातानं दोन माणसांचा मिळून एक झालेला असतो. त्या दोघांना परत आणायचं तर या तिसऱ्याला मारावं लागणार, आणि तो जगू द्या म्हणून विनवतो. डॉक्टर ते काम करायला नकार देतो. जेनवे स्वतः करते. ‘लेटंट इमेज’मध्ये तोच डॉक्टर, जो एक प्रकाशप्रतिमा (होलोग्राम) आहे, एकाला वाचवताना दुसरी मुलगी गेली या अपराधानं कोसळतो. जेनवेनं आधी त्याची ती आठवणच पुसलेली असते. शेवटी ती ठरवते की त्याला ते दुःख भोगू द्यायचं, आणि त्याच्याजवळ बसून राहते. डेटाच्या खटल्याचा हा पुढचा, जास्त कठीण अध्याय आहे.

‘एंटरप्राइझ’ बद्दल थोडक्यात : तिसऱ्या सीझनपासून बघा. कॅप्टन आर्चर एका निरपराध जहाजाचं इंजिनातलं महत्त्वाचं यंत्र लुटतो तो ‘डॅमेज’ हा भाग थेट सिस्कोच्या वाटेवरचा आहे. नव्या मालिकांपैकी २०१७ ची ‘डिस्कव्हरी’ मला फार घाईत वाटते, दर वेळी सगळं विश्वच धोक्यात. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ मात्र मनापासून आवडते. कॅप्टन पाइकला आपलं भयानक भविष्य आधीच कळलेलं आहे आणि तरी तो रोज सगळ्यांना प्रेमानं स्वयंपाक करून घालतो.

तर आता बघायचं कसं? आधी ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’. मग ‘द मेजर ऑफ अ मॅन’. मग ‘नेक्स्ट जनरेशन’ तिसऱ्या सीझनपासून सलग, आणि ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ अजिबात गाळू नका. बोर्ग पिकार्डला पळवतात आणि त्याच्या करवी वुल्फ ३५९ च्या लढाईत फेडरेशनची जहाजं उद्ध्वस्त करतात, ते त्यात आहे. ‘डीप स्पेस नाइन’ उघडते ती त्याच लढाईत, उद्ध्वस्त होणाऱ्या एका जहाजाच्या आतून. त्यावर सिस्कोची बायको मरते, लहान मुलगा वाचतो. तीन वर्षांनी पिकार्ड स्थानक त्याच्या हाती सोपवायला येतो आणि सिस्कोला त्याच्याकडे नीट बघवतही नाही. पिकार्डवर तुमचं आधी प्रेम बसलं असेल तरच त्या खोलीत काय चाललंय ते तुम्हाला कळेल. ‘आत्ताच नको’ म्हणते ते एवढ्यासाठी.

हल्ली तिसराही प्रश्न येतो, मुलांना काय दाखवू? ‘प्रॉडिजी’. २०२१ ची ॲनिमेशन मालिका, मोठ्यांनीही बघावी अशी. फेडरेशनचं नावही न ऐकलेली मुलं एका खाणीत राबत असतात, त्यांना एकमेकांची भाषा कळू नये अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. त्यांना एक पडून राहिलेलं जहाज सापडतं, आणि त्यावर जेनवेची प्रकाशप्रतिमा, आवाज केट मलग्रू यांचाच. आपण कुणाबरोबर जेवायचं, कुणाला मागे सोडायचं नाही, हे ती त्यांना पहिल्यापासून शिकवते.

मुलांना जेनवे आवडली, तर ‘व्हॉयेजर’ त्यांच्यासोबत चौथ्या सीझनपासून लावा. तिथे बोर्गांतून सोडवलेली सेव्हन ऑफ नाइन येते, आणि तिची व जेनवेची बाचाबाची मुलांना फार आवडते.