सीडी-आरडब्ल्यूवर गाणी बर्न करताना: दोष नेमका कुठे?

सीडी-आरडब्ल्यूवर, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवर, गाणी बर्न केली (लेसरने लिहिली) की सॉफ्टवेअर सांगतं, बर्निंग यशस्वी. डिस्क प्लेअरमध्ये घातली की एक तर ती ओळखलीच जात नाही, नाही तर शेवटची तीन-चार गाणी अडखळत वाजतात. अशा वेळी डिस्क फेकून नवी आणायचा मोह होतो, पण नव्या डिस्कवरही बहुतेक वेळा तेच होतं. म्हणून मी आधी एकच गोष्ट ठरवतो: दोष डिस्कचा, बर्नरचा (लिहिणाऱ्या ड्राइव्हचा) की प्लेअरचा? ते कळेपर्यंत बाकी काही बदलत नाही.

तपासणी अशी. प्लेअरमध्ये आधी विकत घेतलेली छापील सीडी वाजवायची. मग तीच गाणी, त्याच क्रमाने, त्याच बर्नरवर साध्या, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरवर बर्न करून वाजवायची. छापील सीडी वाजते, सीडी-आरही वाजते आणि फक्त आरडब्ल्यू अडते, तर ती आरडब्ल्यू दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालायची. तिथे स्वच्छ वाजली तर प्लेअर कमी पडतोय. तिथेही तुटली तर डिस्क किंवा बर्नर. दुसरा ड्राइव्ह यासाठी की ज्या ड्राइव्हने लिहिलं त्याला स्वतःचं लिखाण बऱ्याचदा व्यवस्थित वाचता येतं, त्यामुळे त्याच्या साक्षीवर भिस्त ठेवता येत नाही.

प्लेअर का कमी पडतो, हे डिस्कच्या घडणीतच आहे. छापील सीडी लेसरचा साधारण ७० टक्के प्रकाश परत पाठवते, सीडी-आर त्याच्या जवळपास जाते, पण आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्केच. तिच्यात सीडी-आरमधल्या रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लेसरने तो जागच्या जागी वितळवला आणि झटकन थंड झाला की ठिपका मंद होतो; मध्यम तापवला की पुन्हा स्फटिकरूप होऊन चकाकतो, म्हणजेच पुसला जातो. या डिस्क १९९७ च्या सुमारास आल्या. त्याआधीचे बरेच प्लेअर इतका क्षीण परावर्तित प्रकाश वाचण्यासाठी बनलेलेच नाहीत, आणि त्यांच्याबाबत बर्निंगची कुठलीही सेटिंग बदलून उपयोग होत नाही. ड्राइव्हवर किंवा प्लेअरवर ‘मल्टिरीड’चं चिन्ह असेल, किंवा माहितीपुस्तिकेत सीडी-आरडब्ल्यू चालते असं स्पष्ट लिहिलं असेल, तरच अपेक्षा ठेवावी.

दुसरा गैरसमज मला फार वेळा भेटतो: ‘याच डिस्कवर फायली नीट राहतात, म्हणजे डिस्क चांगली आहे.’ डेटा डिस्कच्या २३५२ बाइटांच्या सेक्टरमध्ये (माहितीच्या एका तुकड्यात) प्रत्यक्ष माहिती २०४८ बाइट असते आणि उरलेल्या जागेतले २७६ बाइट निव्वळ चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. ऑडिओ सीडीत पूर्ण २३५२ बाइट आवाजच असतो, सेकंदाला ७५ सेक्टर. पहिल्या पातळीची दुरुस्ती दोन्हीकडे असते, ही जादाची मात्र संगीताच्या वाट्याला येत नाही. शिवाय फाइल वाचताना ड्राइव्ह थांबून तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचू शकतो. साध्या प्लेअरला गाणं चालू ठेवायचं असतं. त्यामुळे न दुरुस्त झालेल्या जागी तो अंदाजाने आवाज भरतो किंवा क्षणभर गप्प होतो. थकलेली डिस्क सगळ्यात आधी गाण्यांतच उघडी पडते ती यामुळे.

आता बर्निंग. प्रकल्प ‘ऑडिओ सीडी’ असाच निवडायचा, एमपी३ फायलींची डेटा डिस्क नाही. लिहिण्याची पद्धत ‘डिस्क-ॲट-वन्स’, म्हणजे सगळी डिस्क एका दमात. ‘ट्रॅक-ॲट-वन्स’मध्ये लेसर प्रत्येक गाण्यानंतर बंद होऊन पुन्हा चालू होतो, त्या जोडावर काही प्लेअर टिक असा आवाज देतात आणि गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता पडते, सलग चालणाऱ्या मैफिलीच्या मुद्रणाची तर वाट लागते. शिवाय ट्रॅक-ॲट-वन्समध्ये डिस्क फायनलाइज न करता (लिखाण पूर्ण करून बंद न करता) सोडली तर आतल्या कडेला गाण्यांची अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही. बर्नरला अशी डिस्क दिसते, घरातला प्लेअर मात्र तिला कोरी समजतो. ‘ओळखतच नाही’ या तक्रारीत मी सर्वात आधी हेच पाहतो.

वेगाबद्दल ‘जितका हळू तितकं चांगलं’ हा सल्ला आरडब्ल्यूला लागू पडत नाही. प्रत्येक डिस्कच्या खाचेत तिचा किमान आणि कमाल वेग आधीच कोरलेला असतो. मूळच्या डिस्क १ ते ४ पट वेगाच्या (१ पट म्हणजे गाणं वाजण्याचाच वेग), ‘हाय स्पीड’ ४ पटीपासून पुढच्या, ‘अल्ट्रा स्पीड’ त्याहून वरच्या. जुना ४ पटीचा बर्नर हाय स्पीड डिस्क वाचेल, पण तिच्यावर लिहिणार नाही. सुरुवातीलाच चूक दाखवून थांबेल, आणि यात ना डिस्क खराब ना बर्नर. थराचं तापणं आणि निवणं त्या ठरलेल्या वेगासाठी जुळवलेलं असतं. म्हणून मी डिस्कच्या पट्ट्यातला मधला वेग घेतो: ४ ते १२ पटीच्या डिस्कवर ८, अल्ट्रा स्पीडवर १६. निकाल वाईट आला तर एक पायरी खाली, आणि एका वेळी एवढाच बदल.

पुसण्याबाबत मी आग्रही आहे. ‘क्विक इरेज’ एक-दोन मिनिटांत होतो, कारण तो फक्त अनुक्रमणिका पुसतो. जुनी गाणी थरात तशीच राहतात आणि नवं लिखाण त्यांच्यावरच होतं. चांगल्या डिस्कवर ते खपून जातं. पण त्रास देणाऱ्या डिस्कवर, आणि पूर्वी पेन ड्राइव्हसारखी फायली ओढून टाकण्यासाठी फॉरमॅट केलेल्या डिस्कवर तर नक्कीच, पूर्ण इरेज करावा. ८० मिनिटांच्या डिस्कला ४ पट वेगाने सुमारे २० मिनिटं लागतात, १० पटीने ८. एवढ्याने ठीक झालेल्या डिस्क मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पूर्ण इरेजच मध्ये अडकला, तर त्या डिस्कचा विषय तिथे संपवावा.

एवढं करूनही आवाज तुटत असेल तर तो कुठे तुटतो ते घड्याळ लावून पाहायचं. त्याच गाण्यात त्याच सेकंदाला दर वेळी तुटतो, तर दोष डिस्कवर आहे. दर वेळी वेगळ्या जागी तुटतो, तर प्लेअरच्या भिंगावरची धूळ किंवा त्याची थकलेली यंत्रणा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचीच गाणी बिघडत असतील तर बाहेरची कड बघायची. डिस्क दिव्याखाली तिरकी धरून हळूहळू फिरवा: बोटांचे ठसे कडेशी पुसट ढगासारखे दिसतात, आणि लिहिलेला पट्टा जिथे संपतो तिथे अगदी फिकट छटाबदल दिसतो. मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल पुसू नये, कारण ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग लांब माहिती खातो आणि दुरुस्तीची व्यवस्था तिथे हरते. वर कागदी लेबल चिकटवलं असेल तर तोल जाऊन डिस्क थरथरते. ते ओढून काढायलाही जाऊ नये, त्याबरोबर परावर्तक थर निघून येतो.

कानांवर विसंबायचं नसेल तर बर्न केलेले ट्रॅक दुसऱ्या ड्राइव्हवर, चुका तपासत वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने वेव्ह फाइलमध्ये उतरवून मूळ फायलींशी ताडून पाहता येतात. ड्राइव्ह सुरुवातीला आवाजाचे थोडे नमुने (सॅम्पल) पुढेमागे सरकवतात, म्हणून फायली हुबेहूब जुळल्या नाहीत तरी लगेच घाबरू नये. सरकवणं जमेस धरणारी तुलना करावी. पाहायचं ते हे की वाचताना कोणत्या जागी वेग कोसळतो किंवा चूक नोंदली जाते.

पाकिटावर हजार वेळा पुसण्याचं आश्वासन असतं. संगीतासाठी मी त्यावर जात नाही: पूर्ण इरेज आणि मधला वेग, दोन्ही करूनही दोन ड्राइव्हमध्ये त्याच जागी चूक आली की ती डिस्क गाण्यांसाठी बाद. जी डिस्क फक्त कडेशी कच्ची आहे तिच्यावर यादी ६५-७० मिनिटांवर थांबवतो, म्हणजे लिखाण त्या भागापर्यंत पोचतच नाही.