कॅचरच्या मागे कोण उभं राहणार?

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. प्रवेश, पुस्तकं, गणवेश यातून पोट्टी मैदानावर येईस्तोवर जुलै अर्धा सरतो, आणि शालेय सॉफ्टबॉलची स्पर्धा पावसाळा संपायच्या आतही लागू शकते. हातात येतात सहा ते आठ आठवडे. त्यात आम्ही शिक्षक काय करतो? पिचर (बॉल टाकणारी) शोधतो, दोन बॅटर घडवतो, आणि उरलेल्यांत जी अंगानं भरलेली किंवा गावात टेनिस बॉलवर किपिंग करणारी असेल तिला मास्क घालून कॅचर म्हणून होम प्लेटमागे (बॅटर उभी राहते त्या पाटीमागे) बसवतो. मीही कितीतरी हंगाम हेच केलं. पुढे स्कोअरबुकात पास बॉल (कॅचरच्या चुकीनं सुटलेला) आणि वाइल्ड पिच (पिचरनंच भरकटवलेला) वेगवेगळे लिहायला लागलो तेव्हा कळलं, की हरलेल्या सामन्यांत समोरच्या संघाला हिटपेक्षा आमच्या प्लेटमागून जास्त रन मिळत होते.

यात पहिला बदल माझ्या उभं राहण्याच्या जागेत केला. सरावात प्रशिक्षक नेहमी पिचरच्या मागे असतो आणि पिचरलाच सांगतो. कॅचर शंभर बॉल झेलते आणि शंभर परत फेकते, पण तिच्याकडे कोणी बघतच नाही. चुकीच्या पद्धतीनं शंभर बॉल झेलले की ती पद्धत हाडात मुरते. आता पिचिंगच्या सरावात निम्मा वेळ मी कॅचरच्या बाजूला, चार पावलं मागे उभा असतो.

निवड करताना किपरपेक्षा खो-खोची मुलगी मला बरी वाटते. खो मिळताच उसळून उठायची तिच्या पायांना सवय असते आणि बैठकीत वजन चवड्यावर असतं. किपिंगच्या सवयी मोडायलाच पंधरा दिवस जातात: दोन्ही हातांनी गोळा करणं, बॉलसोबत हात मागे नेणं. सॉफ्टबॉलमध्ये ग्लोव्ह एकाच हातात, फेकायचा हात मोकळा. कमरेच्या वर आलेल्या बॉलला बोटं वर, खाली आलेल्याला खाली. हात मागे गेला की प्लेटच्या कडेवरचा स्ट्राइकही (योग्य जागी आलेला पिच) अंपायरला ‘बॉल’, म्हणजे बाहेरचा पिच, वाटतो. कमी सामानाच्या शाळांत कधीकधी क्रिकेटचे किपिंग ग्लोव्हज देऊन भागवतात. ते तर अजिबातच नको.

किट बहुतेक शाळांत एकच असतं आणि तेही मोठ्या मापाचं. मास्कला खाली गळ्याचं गार्ड हवंच. ते तुटलं असेल तर त्या दिवशी कॅचिंग बंद, एवढा कडक नियम आम्ही ठेवला आहे. लेग गार्डचं माप उभं राहून घेऊ नये. मुलगी पूर्ण बसल्यावर गुडघा वाटीच्या मधोमध आला पाहिजे. हूक बाहेरच्या बाजूला लावायचे, आत लावले की पळताना एकमेकांत अडकून मुलगी तोंडावर पडते. ढिले झालेले पट्टे शिंप्याकडून रुंद इलॅस्टिक घालून दुरुस्त होतात, त्यासाठी नवं किट लागत नाही. मिट (कॅचरचा जाड ग्लोव्ह) नवं असेल तर बॉल आत ठेवून दोरीनं बांधून रात्रभर ठेवायचं. खोबरेल तेलात भिजवायची आपल्याकडे खोड आहे. त्यानं चामडं जड होतं आणि पावसाळ्यात बुरशी धरतं.

जागेचंही बघावं लागतं. काळी माती ओली असली की टप्पा बसतो, वाळली की भेगा पडून बॉल कुठेही उडतो. प्लेटमागचा तीन बाय तीन मीटरचा तुकडा उकरून दोनेक इंच चाळलेला मुरूम पसरला, पाणी मारून रोलर फिरवला, की ब्लॉकिंग (खाली पडणारा बॉल अंगानं अडवणं) शिकवता येईल एवढं तरी मैदान तयार होतं.

पहिल्या आठवड्यात एकच काम, डोळे. “मॅडम, बॅट फिरली की डोये आपोआप मिटते,” असं पोट्टी माझ्या सहकारी बाईंना सांगतात, आणि ते खरंच आहे. उपाय सोपा आहे. पूर्ण मास्क, हात पाठीमागे, तीन मीटरवरून टेनिस बॉल खालून हलकेच मास्कवर टाकायचा आणि तो जाळीवर आदळेपर्यंत मुलीनं बघत राहायचं. चार-पाच दिवसांत भीती जाते. मग समोर बॅटर उभी करायची, तिनं मुद्दाम बॉलच्या वरून बॅट फिरवायची. हे न करता थेट पिचिंगला बसवलेली मुलगी वर्षभर मान फिरवत राहते.

बसण्याचं अंतरही चुकतं. भीतीनं मुली दीड-दोन फूट मागे सरकतात, त्यामुळे गुडघ्याजवळचा चांगला पिच त्यांच्यापुढे टप्पा पडून येतो. बसून ग्लोव्ह पुढे केला की तो बॅटरच्या मागच्या गुडघ्याच्या जवळपास पोचला पाहिजे. त्याहून पुढे नको. बॅट ग्लोव्हला लागली तर बॅटरला फर्स्ट बेस (पळून गाठायचा पहिला थांबा) फुकट मिळतो. बेस रिकामे असताना मोकळा हात उजव्या घोट्यामागे. रनर असेल तेव्हा ग्लोव्हच्या मागे, अंगठा मुठीत झाकून. उघड्या बोटांवर फाउल टिप (बॅटला निसटता लागून मागे आलेला बॉल) आदळली तर बोट मोडतंच समजा.

ब्लॉकिंगवर मात्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा. खाली टप्पा पडणारा बॉल झेलायचा नसतो, अडवायचा असतो. मुलींना हे पटायलाच वेळ लागतो. आधी ग्लोव्ह जमिनीवर दोन मांड्यांच्या मध्ये, लगोलग दोन्ही गुडघे खाली, हनुवटी छातीला, खांदे पुढे वळवलेले. बॉल छातीवर आदळून एक मीटरच्या आत पुढे पडला की काम झालं. छाती ताठ ठेवली तर बॉल पाच मीटर उडतो आणि रनर जातो. बाजूच्या बॉलला सरळ आडवं सरकायचं नाही. किंचित पुढे, कमानीत जायचं, म्हणजे अंग प्लेटकडे वळलेलं राहतं आणि बॉल मैदानातच येतो. मान फिरवणं ही सगळ्यात वाईट चूक, कारण कान आणि गळ्याची बाजू उघडी पडते. सुरुवात पाच मीटरवरून टेनिस बॉलनं, दहा-दहाचे तीन फेरे. गुडघ्याखाली बारदान्याची घडी. खरा बॉल तिसऱ्या आठवड्यात.

फर्स्टवरची रनर पिचसोबत सेकंडकडे पळाली की कॅचरनं तिला आउट करायला सेकंडवर फेकायचं. या थ्रोचं गणित मुलींसमोर फळ्यावर मांडावं. बेस ते बेस ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. होम ते सेकंड हा कर्ण, २५.८६ मीटर. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. चपळ मुलगी ६० फूट साधारण साडेतीन सेकंदांत पळते. ४३ फुटांवरून, ताशी ६५ किलोमीटरनं आलेला पिच पोचायला पाऊण सेकंदाला थोडा कमी वेळ घेतो. थ्रोला पावणेदोन सेकंद धरा. ग्लोव्हमधून बॉल काढणं, पाय लावणं आणि पलीकडे टॅग (बॉल रनरला टेकवणं), या सगळ्याला मिळून जेमतेम सेकंदभर उरतो. मुली दीड सेकंद घेतात आणि आम्ही ओरडतो, “जोरात फेक!” जोर वाढवायला वर्षं लागतात, ग्लोव्हमधला बॉल झटकन फेकायच्या हातात घ्यायची सवय महिन्यात लागते.

म्हणून झड लागली की व्हरांड्यात हाच सराव: ग्लोव्ह उजव्या कानाकडे आणायचा, बॉल तिथेच काढायचा, बोटं शिवणीवर आडवी, उजवा पाय शरीराखाली, डावा खांदा लक्ष्याकडे. फेकायचं नाही. रोज तीस वेळा. पूर्ण उभं राहून, क्रिकेटच्या आउटफिल्डरसारखा हात मागे फिरवून फेकणं ही नेहमीची चूक. चौदा वर्षांखालील मुलीनं सेकंडच्या दोन-तीन मीटर अलीकडे एक टप्पा टाकला तरी चालतं, वरून गेलेला बॉल नको. पिचरलाही खाली वाकायची सवय लावावी. ती विसरली तर थ्रो तिच्याच पाठीत.

नियमातली एक गोष्ट दरवर्षी एखादा सामना घालवते. तिसरा स्ट्राइक हातात राहिला नाही आणि फर्स्ट बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटर पळू शकते. आपली कॅचर आउट समजून टाळ्या वाजवत असते. “तिसरा, खाली, पळाली!” हे तीन शब्द सगळ्या संघानं ओरडायचे, असं ठरवून ठेवलं आहे. बॉल मागे गेला आणि थर्डवर रनर असेल तर पिचरनं होम प्लेट सांभाळायची, हेही.

गुडघ्यांचं एक सांगतो. वाढत्या वयात वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं, सूज येते. पालक तेल चोळून पाठवतात. अशा मुलीला बैठक बंद, डॉक्टरला दाखवायचं, तोवर उलट्या बादलीवर बसून फक्त झेलायचं. दुखत नसलं तरी पूर्ण बैठक एका वेळी पंधरा मिनिटांवर नेत नाही. त्यामुळे दोन कॅचर तयार कराव्याच लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात किट घालून तासभर बसलेली मुलगी चौथ्या इनिंगला बॉल नीट बघूच शकत नाही.

सामन्याच्या दिवशी कॅचरला घेऊन आधी प्लेटमागे जातो. मागे कनात बांधली असेल तर बॉल तिथेच मरतो, तिला धावत जाऊन उचलावा लागेल. शाळेची भिंत असेल तर उसळून परत येतो, आणि कधी थेट फर्स्टकडे. दहा बॉल त्यावर मारून बघायचे, कुठून कसा येतो ते पिचरलाही दाखवायचं. नियमाप्रमाणे मागे निदान २५ फूट मोकळी जागा हवी. तालुक्याच्या मैदानावर ती क्वचित मिळते, म्हणून अंतर पावलांनी मोजून घेतो आणि अंपायरला सामना सुरू व्हायच्या आधीच विचारतो, बॉल नालीत किंवा लोकांत गेला तर रनरला किती बेस.