तुम्ही विचारलंत म्हणून: सात महिने मी थांबले कशी?

"ऑपरेशन बिघडलंय हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं ना, मग लगेच दुसरीकडे जाऊन नीट का नाही करून घेतलंत? तशा डोळ्यांनी सात महिने कशा राहिलात, ताई?" पापण्यांच्या ऑपरेशनबद्दल मी उघडपणे बोलायला लागले तेव्हापासून हा प्रश्न सारखा येतो. विचारणाऱ्या काहीजणींचं स्वतःचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असतं. ते आवाजावरूनच कळतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

बावन्नाव्या वर्षी मी चारही पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलं. वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन त्यांच्याच केसांवर टेकली होती आणि खाली पिशव्या आल्या होत्या. बँकेत काउंटरला बसल्यावर रोज कुणीतरी विचारायचं, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" मी ठणठणीत असायचे. ते ऐकून ऐकून जीव कंटाळला होता. पैसे माझे होते, निर्णयही माझा होता.

सूज उतरत गेली तसा डावा डोळा अगदी मनासारखा दिसायला लागला. उजवा मात्र विस्फारल्यासारखा. खालची पापणी खाली ओढली गेली होती आणि बुबुळाच्या खाली पांढऱ्याची पट्टी दिसायची. पण दिसण्यापेक्षा वाईट काय होतं ते न्हाताना कळलं. डोळे घट्ट मिटून डोक्यावर तांब्या ओतला तरी शिकेकाईचं पाणी उजव्या डोळ्यात जायचं. मला वाटायचं, डोळा मिटलाय. तो मिटलेला नसायचा. एका रात्री लेकीने मी झोपल्यावर मोबाईलवर फोटो काढला आणि सकाळी काही न बोलता समोर धरला. डावा डोळा मिटलेला, उजव्यात पांढरी फट. त्या फोटोने मी हादरले.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "बसेल हळूहळू, धीर धरा." धीर धरायला सांगणं चुकीचं नव्हतं, हे मला पुढे कळलं. पण तोवर उघडा राहणारा डोळा जपायचा कसा, हे त्यांनी सांगितलं नाही. माझा राग आहे तो त्यावर, आणि तो अजून गेलेला नाही. मी लेखी अर्ज देऊन माझे सगळे कागद मागून घेतले. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. तुम्हीही मागा. भांडायचं असो वा नसो, पापणीतून किती कातडी आणि किती चरबी काढली हे पुढच्या डॉक्टरांना त्यातूनच कळतं.

पुढचे डॉक्टर मी ऑक्युलोप्लास्टीचे शोधले, म्हणजे आधी डोळ्यांचे डॉक्टर आणि मग खास पापण्यांचं शिक्षण घेतलेले. त्यांनी बोटाने खालची पापणी खाली ओढली आणि सोडून दिली. डावी पटकन जागेवर आली. उजवी तशीच लोंबत राहिली, मी डोळा मिचकावल्यावर वर गेली. "ही तपासणी आधी कुणी केली होती?" नव्हती केली. साधी दोन सेकंदांची गोष्ट! पापणी मुळात सैल, त्यात कातडी जास्त निघालेली आणि आत भरत आलेल्या जखमेचा व्रण तिला खाली खेचतोय, असं कारण त्यांनी समजावलं. अश्रू मोजायची कागदाची पट्टी पाच मिनिटं पापणीत ठेवली. ती निदान 10 मिलिमीटर तरी ओली व्हायला हवी असते. माझी 6 झाली.

मी तिथेच म्हणाले, "उद्याच करून टाका." त्यांनी साफ नकार दिला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आतला व्रण सर्वांत कडक असतो, तेव्हा कापलं तर नवा व्रण त्याहून जोरात ओढतो. तो मऊ पडायला निदान सहा महिने लागतात, आणि तेवढ्या काळात कित्येकींची पापणी आपोआप वर येते. माझी आई शिवणकाम करायची. कोरं कापड भिजवून, आटू दिल्याशिवाय ती कात्री लावत नसे. मला ते लगेच पटलं.

मात्र ते थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हतं. दिवसभर प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब, रात्री मलम, आणि त्यांनी स्वतः दाखवली तशी चिकटपट्टी लावून डोळा बंद. दिवसातून चार-पाच वेळा बोटाने पापणी वर आणि बाहेरच्या बाजूला ढकलून धरायची. स्कूटीवर गॉगल. डोक्यावरचा पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा. आणि एक ताकीद: डोळा दुखला, लाल झाला, धूसर दिसलं तर त्याच दिवशी यायचं. (ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत अचानक भयंकर दुखून डोळा पुढे आला किंवा दिसेनासं झालं, तर तासभरही थांबू नका. आत रक्त साचलं तर नजर जाऊ शकते.)

त्यांनी जुने फोटोही मागवले. मी लेकाच्या मुंजीचा अल्बम नेला. तो पाहता पाहता त्यांनी दाखवलं, माझी उजवी भुवई तेव्हाही खाली होती आणि उजवा डोळा डाव्यापेक्षा जरा पुढे आलेला होता. अशा डोळ्याची खालची पापणी ऑपरेशननंतर खाली यायचा धोका जास्त असतो. बावन्न वर्षं आरशात पाहूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मन सांभाळणं अवघड गेलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "कुणी सांगितले होते नसते उद्योग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पित्ताशयाचं ऑपरेशन बिघडलं असतं तर याच बाईंनी डबा पाठवला असता. हौसेपायी केलेलं बिघडलं की रडायचाही हक्क उरत नाही, असं मला वाटायला लागलं होतं. मी न्हाणीघरात रडायचे. दुःख झालं होतं हो, खरंखुरं. चेहरा माझाच होता ना! दिवसातून वीसदा आरसा बघायचे. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, पंधरा दिवसांतून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो, बाकी आरसा बंद. पाचव्या महिन्यात फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा पापणी थोडी वर आलेली दिसली.

थोडीच. म्हणून सातव्या महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं. तोंडातल्या टाळूचा छोटा तुकडा घेऊन पापणीच्या आतून आधार दिला, बाहेरचा कोपरा आवळला. आठवडाभर गार दहीभात. आता डोळा पूर्ण मिटतो. दोन्ही डोळ्यांत मिलिमीटरभर फरक राहिलाय आणि तो राहणार आहे, थेंबही चालूच आहेत. पण शिकेकाई आत जात नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीतल्या एकीचा फोन आला. ऑपरेशनला तीन आठवडे झालेत, एक पापणी ओढलीय, उद्याच मुंबईला जाऊन दुरुस्त करून घेते म्हणाली. मी विचारलं, "रात्री डोळा पूर्ण मिटतो का तुझा?" तिला माहीत नव्हतं. नवऱ्याला झोपेतला फोटो काढायला सांगितलाय. शनिवारी मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जाणार आहे, आणि येताना लग्नाचा अल्बम घेऊन ये म्हटलंय.