चला आता घरी

काल संध्याकाळपासून एकच शब्द डोक्यात अडकून बसलाय. रात्री झोपताना होता, पहाटे पाण्याच्या टँकरनं हॉर्न वाजवला तेव्हाही होता. म्हणून लिहून काढतेय.

नळदुर्गच्या किल्ल्यात पाणी महालातून वर आलो, साडेचार वाजून गेले होते, सोलापूरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं आणि मी म्हणाले, "चला आता घरी, पावसात सापडू." एवढंच. ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, बोलले काहीच नाहीत, खिशातून गाडीची चावी काढली. मलाच चटका बसल्यासारखं झालं. घरी म्हणजे कुठं? तर डब्यावर. औशाच्या पुढं रोडच्या कडेला चार चाकांवर उभा असलेला, वीस फूट बाय आठ फुटाचा पत्र्याचा डबा, ह्यांच्या रस्त्याच्या कामाच्या साईटवरचा. दीड वर्षात मी त्याला एकदाही घर म्हटलं नव्हतं. पोरीला लातूरला फोन करते तेव्हाही "डब्यावर पोचलो" असंच सांगते. घर म्हणजे नांदेडचं. ते आता... जाऊ दे, त्याबद्दल नाही लिहायचं आज.

मग तोंडातून गेलं कसं?

दिवस खरं तर फार छान गेला होता. हे म्हणाले दीड महिन्यानं पूर्ण रविवार मिळालाय, कुठं पोचायची घाई करायची नाही, दिसेल तिथं थांबायचं. तसंच केलं. औशात किल्ल्याच्या बाहेर पोहे खाल्ले, लामजन्याच्या अलीकडं सोयाबीन अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं, त्याच्या कडेकडेनं गाडी हळू काढली. एक आजी खराट्यानं दाणे सारत होती, तिनं हात वर करून थांबवलं आणि विचारलं, "कुठं जालालाव?" मी म्हणाले असंच, फिरायला. "असंच?" म्हणाली आणि हसली, आणि ओंजळभर ओल्या शेंगा खिडकीतून माझ्या मांडीवर टाकल्या. पैसे विचारले तर रागावली.

किल्लारीला जायचं ठरलं नव्हतं, पाटी दिसली आणि ह्यांनी वळवली. मी मराठवाड्यात जन्मले, वाढले, आणि किल्लारीला पहिल्यांदा गेले, याची लाज वाटली. भूकंपात गेलेल्या जुन्या गावात आता स्मृतिस्तंभ आहे, बाकी बाभळी आणि दगडांचे ढीग. एका ढिगात उंबऱ्याचा दगड तसाच होता, मधोमध झिजून खोलगट झालेला, पायांनी. त्याच्या मागं घर नाही, पुढं अंगण नाही, नुसता उंबरा. मी तो ओलांडला नाही, बाजूनं गेले. हे इंजिनिअरच्या नजरेनं बघत होते, म्हणाले दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, दगड आणि माती, आणि वर माळवदाचं ओझं, दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर आणखी मातीचा थर चढवायचा. उन्हाळ्यात आत गारवा राहायचा म्हणून माळवद. त्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३, चारला चार मिनिटं कमी असताना, तेच ओझं झोपेतल्या माणसांच्या अंगावर आलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. मग हे हळूच म्हणाले, "पत्रा असता तर वाचली असती गं बरीच." मी त्यांच्याकडं बघितलं नाही. आपण पत्र्यात राहतो हे त्यांच्या मनात होतं का नव्हतं, काय माहीत.

नवं किल्लारी तिथून थोडं दूर, रुंद सरळ रस्ते, ओळीत घरं. अशी बावन्न गावं पूर्णच नव्या जागी उठवून नेली. तिथं एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशी पन्नाशीच्या असतील. मी सहज विचारलं, तुम्ही होता का तेव्हा? तर स्टोव्ह बारीक केला आणि बोलायला लागल्या. लग्नाला वर्ष झालं होतं. त्यांच्या घरातलं कुणी गेलं नाही, सगळी शेतावर झोपायला गेली होती. पण आजूबाजूला सुतक नाही असं घर नव्हतं. आणि पंधरा-सोळा दिवसांत घटस्थापना आली. "आमच्यात कुणी गेलं नव्हतं बाई, म्हणल्यावर घट बसवावे तर लागणारच. सासूनं ताडपत्रीत बसवले. आरती मोठ्यानं म्हणली नाही. बाजूला रडणं चालू, मोठ्यानं कसं म्हणायचं." नंतर दोन वर्षं पत्र्याच्या शेडात, पहिलं लेकरू तिथलंच. हे सांगताना त्या कप विसळत होत्या, एकच कप, पुन्हा पुन्हा तोच.

मला विचारायचं होतं, मावशी, शेडला तुम्ही घर म्हणायचात का? नाही विचारलं. तेव्हा माझ्या मनात हा प्रश्न आहे हेच मला कळलं नव्हतं. आता वाटतंय विचारायला पाहिजे होतं.

नळदुर्गला पोचलो तर बोरी नदीला भरपूर पाणी, दोन्ही सांडवे वाहत होते, नर आणि मादी. इब्राहिम आदिलशहानं, दुसऱ्या, १६१३ मध्ये हा बंधारा बांधला आणि त्याच्या पोटातच महाल काढला. अंधाऱ्या जिन्यानं खाली उतरायचं, भिंतीला हात लावला की ओल येते, आणि एकदम समोर खिडकी, खिडकीच्या पुढं पाण्याचा पडदा. आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नाही, गालावर तुषार येतात, आणि आपण कोरडे. मी तिथं कट्ट्यावर खूप वेळ बसले. चारशे वर्षं ह्या भिंतीवरून पाणी जातंय आणि आतली खोली तशीच. ह्यांनी दोनदा खूण केली, चल म्हणून, मी उठले नाही. काय वाटत होतं ते नीट सांगता येणार नाही. पावसात डब्याच्या पत्र्यावर असाच आवाज होतो आणि मी ह्यांच्यावर चिडते की टीव्हीतलं काही ऐकू येत नाही. तो आवाज मला तिथं आठवला. आणि वर आल्यावर तो शब्द.

परत येताना तुळजापूर लागलं. गर्दी बघून बाहेरूनच हात जोडले, आई समजून घेईल. नवरात्र आठ दिवसांवर आलंय, रस्त्यात परड्या, कवड्यांच्या माळांची दुकानं लागलेली. आणि मला कळलं मी कशानं एवढी हलले ते. शब्दानं नाही. घटानं.

मागच्या नवरात्रात डब्यात घट बसवलेच नाहीत मी. जाऊबाईंकडं गेले, नऊ दिवस तिकडंच राहिले. सगळ्यांना सांगितलं की डब्यात जागा नाही. जागा होती. खरं कारण हे की घट जागचा हलवायचा नसतो, आणि डब्याचा भरवसा नाही, साईट पुढं सरकली की ट्रॅक्टर येतो, जॅक काढतात, चाकाखालचे दगड काढतात आणि आपण पाच-सात किलोमीटर पुढं. मागच्या वर्षी नेमका सहाव्या माळेला डबा हलवला होता. मी तिकडं होते म्हणून बरं झालं असं म्हणाले तेव्हा. पण जाऊबाईंच्या देवघरात मी नऊ दिवस पाहुणी होते, माळ बांधायला सुद्धा त्यांना विचारून हात लावत होते, त्यांनी कधी काही दाखवलं नाही तरी. एकदा रात्री मोरीत पाणी सोडून रडले. उंबरा नाही, तुळशीला जागा नाही, पोर होस्टेलवर, आणि आता देव पण दुसऱ्याच्या घरी. सगळं माझ्याच नशिबी का असं व्हायचं. अजून आठवलं की घसा दाटतो. मावशींचं दुःख मोठं, म्हणून माझं नाहीच, असं मला करता येत नाही.

उजनीला बासुंदीला थांबलो. मी अर्धी वाटी ठेवली, हे म्हणाले काय झालं. मी म्हणाले सासूबाईंना फोन लावा. तिथंच स्पीकरवर विचारलं, आई, घट बसवला आणि मधेच डबा हलवायला लागला तर? त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "तू घटाला हात लावू नकोस म्हणजे झालं. घर हाललं तर घटानं काय करावं?"

घर म्हणाल्या. त्यासुद्धा. सहज. ह्यांनी ते ऐकलं आणि माझी उरलेली बासुंदी स्वतःकडं ओढून संपवली.

डब्यावर आलो तेव्हा पाऊस चालू झाला होता. लोखंडी पायरीवर चपला काढल्या, त्या रोजच्यासारख्या उंबऱ्याच्या जागी आत ओढून ठेवल्या, नाहीतर भिजतात. लाइट नव्हती. गाडीतल्या शेंगा उकडल्या, मीठ घालून, अंधारात खाल्ल्या. पत्र्यावर धो धो आवाज, दोघं काही बोलत नव्हतो, बोलून ऐकू गेलं नसतं. मी चिडले नाही काल.

शिफ्टिंग ह्या वेळीही नवरात्रात पडणारच, तिसरी-चौथी माळ, हे म्हणाले पुढं ढकलता येणार नाही, डांबराचं काम थांबत नाही. ठीक आहे. काळी माती शेजारच्या शेतातून सांगून ठेवलीय, धान्य आहे, नागवेलीची पानं लातूरहून येताना पोर आणेल, ती एक दिवस येते म्हणाली. प्रश्न फक्त धक्क्यांचा. साईटवरच्या वेल्डरला सांगून कोपऱ्यात खालून अँगल मारायचा, त्यात फळी, फळीला चारी बाजूंनी बोटभर कड, म्हणजे परडी सरकणार नाही. ट्रॅक्टर मुरमावरून जातो तेव्हा डबा डावीकडं जास्त कलतो, म्हणून उजवा कोपरा.

आत्ता हे टेप घेऊन तिथं गुडघ्यावर बसलेत. सव्वा फूट बाय दीड फूट भरला म्हणाले. गॅसची शेगडी चार बोटं सरकवावी लागेल.