कुलूप ओढून पाहणं

सांगलीला गावभागात राहायचो तेव्हा आई दाराला कुलूप लावायची, दोन पायऱ्या उतरायची आणि परत वर येऊन ते ओढून बघायची. उशीर झालेला असला तरी बघायचीच.

मी एका शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळते. डेबियन लिनक्स, समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि लॉगिनची सेशन्स, म्हणजे कोण आत आहे याच्या नोंदी, ठेवायला रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस. सगळं डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या वेगळ्या डब्यात, कंटेनरात. जूनमध्ये, प्रवेश अर्ज ऐन भरात असताना, सकाळी कार्यालयातून फोन आला : "मॅडम, मुलांना लॉगिनच होत नाहीये. ज्यांचं झालंय त्यांचाही फॉर्म मध्येच बंद पडतोय."

अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये रेडिसची 'मिसकॉन्फ' नावाची एरर होती. डेटा डिस्कवर साठवता येईना झाला की रेडिस नवं काही लिहून घ्यायचं थांबवतो, तेव्हा ही एरर येते. डिस्क भरली असेल म्हणून पाहिलं, तर अर्धीअधिक रिकामी. मग रेडिसचा स्वतःचा लॉग उघडला आणि पोटात गोळा आला. तो आपली फाईल क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फोल्डरात लिहायचा प्रयत्न करत होता आणि परवानगी नाही म्हणून दर वेळी अडत होता. त्याला तिकडे लिहायला मी कधीच सांगितलेलं नव्हतं. आत 'बॅकअप१', 'बॅकअप२' अशा नावांच्या कीज (रेडिसमधल्या नोंदी) होत्या आणि त्यांत कुठल्याशा पत्त्यावरून स्क्रिप्ट उतरवून चालवणाऱ्या क्रॉनच्या ओळी.

ही चाल जुनी आहे. रेडिसचा कर्ता साल्वातोरे सानफिलिप्पो यानेच नोव्हेंबर २०१५ मध्ये लिहून दाखवलं होतं की रेडिस इंटरनेटवर उघडा राहिला, तर त्याच्याच साठवणीच्या आज्ञा वापरून मशीनवर हवी तिथे फाईल लिहिता येते. त्यानंतर ३.२ आवृत्तीत पासवर्ड नसेल तर बाहेरच्या जोडण्या नाकारणारा 'प्रोटेक्टेड मोड' आला. पण डॉकरच्या अधिकृत रेडिस इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून बनतो त्या तयार साच्यात) तो मोड बंद असतो, कारण शेजारच्या कंटेनरांना जोडता यावं. मी पासवर्डही ठेवला नव्हता. आम्ही वाचलो ते एवढ्यामुळेच की त्या इमेजमधला रेडिस रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालत नाही, आणि कंटेनरमध्ये क्रॉन चालूच नव्हता.

कंटेनर उडवून नवा उभा करावा, हात शिवशिवत होते. पण कंटेनर काढला की त्याचा लॉगही जातो. म्हणून आधी लॉग आणि डेटा दुसरीकडे उतरवून घेतला, मगच तो बंद करून नवा उभा केला. सगळी सेशन्स रद्द केली, पासवर्ड बदलले, आणि संस्थेला स्पष्ट सांगितलं की चालू सेशन्स कुणीतरी वाचलेली असू शकतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा असं आहे, तेही त्याच दुपारी केलं.

मला छळत होता तो प्रश्न वेगळाच. फायरवॉल तर होती! यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या प्रोग्रॅमला स्थिती विचारली की तो आजही तेच सांगत होता : २२, ८० आणि ४४३ हे पोर्ट (बाहेरून आत यायची क्रमांकित दारं) उघडे, बाकी सगळं बंद. घरून मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप जोडून एनमॅप हा उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्रॅम चालवला. तोही म्हणाला तीनच पोर्ट उघडे. मग लक्षात आलं की काही न सांगता चालवलेला एनमॅप फक्त नेहमीचे १००० पोर्ट तपासतो, आणि रेडिसचा ६३७९ त्यांत नाही. सगळेच्या सगळे ६५५३५ तपासायला लावले. बराच वेळ गेला, आणि चौथी ओळ आली. ६३७९, उघडा.

कारण असं. कंटेनरचा पोर्ट बाहेर काढा म्हटलं की डॉकर आयपीटेबल्सच्या (लिनक्समधल्या नेटवर्कच्या नियमांच्या) नॅट टेबलमध्ये, म्हणजे पत्ते बदलणाऱ्या तक्त्यात, स्वतःचा नियम घालतो. बाहेरून आलेल्या पॅकेटचा पत्ता तिथेच बदलून कंटेनरचा होतो. आता ते पॅकेट यजमान मशीनसाठी उरलेलंच नसतं, त्यामुळे ते इनपुट चेनमध्ये, म्हणजे मशीनसाठी आलेल्या पॅकेटांच्या नियमांच्या साखळीत, जात नाही, फॉरवर्डमधून पुढे निघतं. यूएफडब्ल्यूचे माझे नियम बसले होते इनपुटवर. पुढच्या दाराला राखणदार, आणि माणसं बोळातून ये-जा करतायत. डॉकरच्या दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं.

आणि तो पोर्ट बाहेर काढायची गरजच नव्हती. सुरुवातीला लॅपटॉपवरून रेडिसमध्ये डोकावता यावं म्हणून कंपोज फाईलमध्ये (कंटेनर कसे उभे करायचे ते सांगणाऱ्या फाईलमध्ये) एक ओळ घातली होती, ती तशीच सर्व्हरवर गेली. त्या ओळीत पोर्टआधी १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःपुरता पत्ता, लिहूनही भागलं असतं असं वाटतं, पण डॉकर २८ च्या आधी तसा पोर्टही त्याच लॅनमधल्या दुसऱ्या मशीनवरून गाठता यायचा. मी ओळच काढून टाकली. अ‍ॅप आणि रेडिस डॉकरच्या आतल्या नेटवर्कवर बोलतात, तेवढं पुरतं. रेडिसला पासवर्ड दिला. जे पोर्ट खरंच बाहेर काढावे लागतात त्यांचे नियम आता 'डॉकर-यूजर' चेनमध्ये लिहिते, ती त्यासाठीच असते.

एसएसएचने, म्हणजे दुरून, लॉगिन पासवर्डऐवजी फक्त कीच्या फाईलने, सुरक्षेची अपडेट्स आपोआप, हे पूर्वीपासून होतंच. नवीन एकच सुरू केलं. दर रविवारी सकाळी, घरून, मोबाईलच्या नेटवरून, माझ्या जबाबदारीच्या प्रत्येक सर्व्हरचे सगळे पोर्ट तपासायचे. आयपीव्ही६ च्या, म्हणजे नव्या प्रकारच्या इंटरनेट पत्त्यावरूनही, कारण तिकडे कुणी पाहत नाही. मागच्या आठवड्याचा आणि या आठवड्याचा निकाल एनडिफ या एनमॅपसोबतच्या प्रोग्रॅमला दिला की तो फक्त फरक दाखवतो. बहुतेक रविवारी काहीच येत नाही.

गेल्या रविवारी आली एक ओळ : ९०९०. नव्याने रुजू झालेल्या मुलाने शनिवारी सर्व्हरवर नजर ठेवायला प्रोमिथियस बसवला होता, डॉकरमध्येच. त्याला फोन केला. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "पण ताई, यूएफडब्ल्यू चालू आहे ना?"

मी त्याला म्हटलं, तुझ्या मोबाईलच्या नेटवरून ब्राउझर उघड आणि हा पत्ता टाक. मी फोनवर थांबते.