आज काय इला?

बँकेतल्या बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "तिकडं भाकरी मिळंल का गं?" जून २०२२ ची गोष्ट. बार्शीहून थेट मालवण. 'बार्शी तिथं सरशी' म्हणून आम्ही लहानपणापासून मिरवत आलेलो, पण माशाच्या बाबतीत आमची सरशी उजनी धरणाच्या पुढं कधी गेली नव्हती. भिगवणला हायवेवर थांबून खाल्लेली मच्छी, एवढंच माझं ज्ञान.

मालवणातल्या भरड नाक्याजवळ खोली मिळाली. गॅस मिळायला दोन महिने लागले. त्यामुळं रोज बाहेर जेवणं आलं. पुढं गॅस आला, दोन भांडीही घेतली, पण बाहेर जेवायची सवय सुटली नाही ती नाहीच.

पहिल्या रात्री धो धो पाऊस. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक गायब, अर्ध्या हॉटेलांची शटरं खाली. एक उघडं दिसलं, आत गेले. चकचकीत मेनूकार्ड, त्यावर माशांचे फोटो. मालवणला आलोय तर सुरमईच खायची, म्हणून थाळी मागवली. चारशे वीस रुपये. तुकडी मोठी होती, रवाही कुरकुरीत होता, आतला मासा मात्र ओला कापूस चावल्यासारखा. मला वाटलं, मासा असाच लागत असणार. आपल्याला सवय नाही. सोलकढीही गोडसर आणि भडक गुलाबी, तीही पिऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये कौतुकानं सांगितलं तर आमचे शिपाईकाका फाइल खाली ठेवून हसायला लागले. "मॅडम, जूनात सुरमय? ती खंयसून इली?"

मग माझा पहिला धडा झाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, दोन्ही कारणं. ट्रॉलर किनाऱ्याला येऊन माडाच्या झापांखाली झाकून पडतात. म्हणजे माझ्या ताटातली सुरमई बर्फात किती दिवस झोपली होती ते तिलाच ठाऊक. बंदीचा अर्थ मला पुढं कॅश काउंटरवरही दिसला. त्या दोन महिन्यांत पैसे काढायला रांग, भरायला कुणी नाही.

शिपाईकाकाच मला एका काकींच्या खानावळीत घेऊन गेले. खानावळ म्हणजे घराची पुढची पडवी, चार टेबलं, बाकडी, आणि भिंतीला टांगलेली शाळेतली पाटी. कार्ड नाहीच. पाटीवर खडूनं तीन ओळी होत्या: पेज–खारो बांगडो, गोलमो (बारीक सुकी कोळंबी), कुर्ल्यांचा (खेकड्यांचा) सार. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले. बाई एकटीच जेवायला आली की तिथंही माना वळतात, ते काही बार्शीपेक्षा वेगळं नाही. काकींनी एकदा पाहिलं, शेजारच्या टेबलावरच्या दोघांना "सरका रे पलीकडे" म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ बसवलं. पुढची तीन वर्षं माझी जागा तीच.

उकड्या तांदळाची पेज पहिल्यांदा समोर आली तेव्हा आजारी माणसाचं जेवण वाटलं होतं. खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून, हातानं कुस्करून, वर खोबरेल तेलाचे थेंब. वासानं मी नाक मुरडलं असणार, कारण काकी म्हणाल्या, "मॅडम, वास घेव नको, खा." खाल्लं. बाहेर पाऊस, हातात गरम पेजेचा वाडगा, मध्येच खारटाचा एक तुकडा. त्या रात्री आईला फोनवर सांगितलं की भाकरीची काळजी करू नको.

ऑगस्ट उजाडला. होड्या दर्यात जाणार म्हणून मी वाट बघत बसलेली. नारळी पौर्णिमेला बंदर जेटीवर ही गर्दी, दर्याला नारळ, बायकांची नारळ लढवायची चढाओढ. आणि काकींची पाटी? काळ्या वाटाण्यांचं सांबार–आंबोळी, फागलांची (करटोल्यांची) भाजी. श्रावण! मासे यायला लागले तेव्हा निम्मं गाव मासे सोडून बसलं. त्यातून बाहेर पडते तोवर चतुर्थी. कोकणातल्या चतुर्थीत बाहेर जेवायचा विचार करणाऱ्या माणसानं डबा बांधून यावं. चाकरमानी घरी, सगळी खानावळ घरी. पहिला दिवस मी बिस्किटावर काढला. दुसऱ्या दिवशी काकींचा मुलगा खोलीवर हजर: "आवशीन बोलवल्यान, पंगतीक." त्या दिवसापासून काकींच्या तोंडी मी 'मॅडम' राहिले नाही. 'काय गो चेडवा', म्हणजे 'काय गं पोरी', झाले.

बांगडा खरा आला तो सप्टेंबरात. बांगड्याचं तिखलं मागवलं, लाल रसात चार काळपट दाणे तरंगत होते. मिरी समजून एक कचकन चावला. पुढची दहा मिनिटं जीभ माझी नव्हती. आधी झिणझिण्या, मग लिंबाच्या सालीसारखा कडवट वास, मग ओठ बधिर. काकी खिडकीतून बघत होत्या. "तिरफळ गो ता! ता खावचा नसता." बी काढून टाकतात, साल तेवढी ठेचून घालतात, आणि जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवतात. बांगड्याचा उग्रपणा त्यानंच मोडतो. हे सगळं मला चावून झाल्यावर कळलं.

काट्यांचंही तसंच. तळलेला बांगडा मी चिमटीनं कुरतडत बसायची, गार होईस्तोवर. एकदा काकी हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्या ताटातच प्रात्यक्षिक दिलं. पाठीवरच्या रेषेवर अंगठा दाबायचा, डोक्याकडून शेपटीकडं. वरची बाजू अख्खी सुटून उलटी पडते. मग डोकं धरून हलकेच उचलायचं, मधला काटा शिडीसारखा अखंड निघतो. खाली उरतो तो नुसता मासा. हे यायला लागलं तेव्हा प्रमोशनची परीक्षा पास झाल्याचा आनंद झाला. प्रमोशन काही झालं नाही, तो भाग वेगळा.

ब्रँचमधल्या कुणाची बदली झाली की पार्टी बार अँड रेस्टॉरंटमध्ये. आम्हा बायकांची रवानगी फॅमिली रूममध्ये, म्हणजे पडद्यामागचं एक टेबल, कुरकुरणारा पंखा आणि वॉशबेसिनचा शेजार. पडद्यापलीकडं क्रिकेट आणि आरडाओरडा. आम्ही पीत नव्हतो, पण मासा तिथलाच भारी. त्याचं कारण माझ्या मते साधं आहे. संध्याकाळी तिथं बसणारे निम्मे खलाशी आणि मासे विकणारे. चखण्याला शिळे पेडवे दिले तर ते गिलास बाजूला ठेवून आधी भटारखान्यात शिरतील. पर्यटक काय, रील काढून निघून जातो. रव्यात तळलेले बोटभर पेडवे, लिंबू, कांदा. डोक्यासकट खायचे. मी एकदा पडदा सारून बाहेरच्या टेबलावर बसायचा हट्ट धरला. वेटर बिचारा कासावीस झाला. मालकानं एकदा मान हलवली, आणि पाच मिनिटांत आमच्याकडं कुणी बघेनासं झालं.

मेनूकार्ड वाचायचं मी हळूहळू सोडूनच दिलं. 'आज काय इला?', म्हणजे आज काय आलंय, एवढंच विचारायची. बँक सुटली की जेटीकडं चक्कर मारायची. होडी लागली की माशांच्या टोपल्या उतरतात आणि लिलाव सुरू होतो. आकडे इतक्या भराभर ओरडले जातात की मी रोज नोटा मोजणारी बाई, मलाही चौथ्या बोलीनंतर काही कळेनासं व्हायचं. त्या दिवशी मुडदुशे दिसले तर रात्री मुडदुशे. मोरी, म्हणजे लहान शार्क, दिसली तर दुसऱ्या दुपारी काकींकडं मोरीचं मटण, ते खाऊन बोकडाची आठवण येणाऱ्यांनी मला भेटावं. वारा फिरला, होड्या गेल्याच नाहीत, तर पाटीवर अंडा करी. काकींनी कधी माफी मागितली नाही, आणि बर्फातलं कधी वाढलं नाही. एप्रिलमध्ये खाडीचे मुळे, म्हणजे शिंपले, यायचे, ज्यांना मुंबईकर तिसऱ्या म्हणतात. ओल्या काजूची उसळही तेव्हाच. त्या दोन्ही एकाच पाटीवर असल्या की मी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची. मॅनेजरसाहेबांनी हे वाचू नये.

डिसेंबर मात्र मला आवडायचा नाही. तारकर्लीला स्कूबा करून आलेल्या गाड्या, सगळ्यांना सुरमईच हवी, नाहीतर पापलेट. एकदा एक कुटुंब काकींच्या पडवीत आलं. "सुरमई थाळी चार."

"सुरमय नाय आज. ढोमे आसत, ताजे."

"ढोमे म्हणजे काय? बारीक असतात ना? काटे असतील." आणि उठून गेले. काकी पाटी पुसत म्हणाल्या, "सुरमय नाय ता बरा, आमका ढोमे उरले." मला त्या दिवशी सहा मिळाले, नेहमीच्या चारऐवजी.

मी मात्र हसले नाही. दीड वर्षापूर्वी चारशे वीस रुपयांचा कापूस खाणारी बाई मीच होते.

२०२५ च्या मे महिन्यात सोलापूरला बदली झाली. परवा ऑफिसजवळ नवीन हॉटेल निघालंय म्हणून गेले. दारात मोठा बोर्ड, 'अस्सल मालवणी', खाली सुरमई थाळीचा फोटो. बाहेर जूनचा पाऊस. वेटर पाणी ठेवून उभा राहिला, आणि सवयीनं तोंडातून गेलंच, "आज काय आलंय?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि मेनूकार्ड पुढं सरकवलं. मी मटण सांगितलं.