तळं गेलं, तळ राहिला: काठमांडूच्या काळ्या मातीत

चोभारच्या घळीवर एक जुना लोखंडी झुलता पूल आहे. मार्चमधल्या एका सकाळी मी त्यावर उभी होते. खाली बागमती अरुंद जागेतून वाट काढत होती. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे आणि काठाला जलविनायकाचं देऊळ. काठमांडू खोऱ्यात पडलेला सगळा पाऊस, विष्णुमतीतून आलेला, मनोहरातून आलेला, शेवटी या एका फटीतून बाहेर पडतो. त्याला दुसरी वाट नाही. ही फट बुजली तर मागचं सगळं शहर पाण्याखाली जाईल, हे पुलावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

स्वयंभू पुराणात ही गोष्ट तिथूनच सुरू होते. इथे आधी तळंच होतं, नागांचं. मंजुश्री या बोधिसत्त्वाने तलवारीने डोंगर कापला, पाणी निघून गेलं आणि तळाची जमीन माणसांना मिळाली. पुलाच्या दक्षिणेला जवळच तौदह नावाचं छोटं तळं आहे. बेघर झालेल्या कर्कोटक नागाला राहायला ते दिलं, असं मानतात. भूगर्भशास्त्रालाही इथलं तळं मान्य आहे. इथे लाखो वर्षं पाणी साचून होतं आणि हिमयुगाच्या उत्तरार्धात ते टप्प्याटप्प्याने ओसरलं. खोऱ्याच्या मध्यभागी त्या तळ्याने आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांनी आणून टाकलेला गाळ 500 मीटरहून जाड आहे.

त्या गाळासाठीच मी आले होते. गेली 22 वर्षं माझं काम माती तपासण्याचं. पिशवीतून आलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची, मग तिच्यात किती वाळू, किती पोयटा, किती चिकण ते काढायचं. बसाल्ट झिजून झालेली आपली काळी कापसाची जमीन मला तळहातासारखी माहीत आहे. पण जुन्या तळ्याच्या तळाशी, थरावर थर बसत झालेली चिकण माती मी कधी बोटांत धरली नव्हती.

दुपारी खोकनाला गेले. मोहरीच्या तेलाच्या वासाने भरलेलं गाव. गल्ल्यांमधून बाहेर पडून नख्खु खोला नावाच्या ओढ्याच्या दिशेने उतरलं की शेतं लागतात आणि ओढ्याने जिथे काठ कापलाय तिथे ती दिसते. काळी, जवळजवळ शिसपेन्सिलीच्या रंगाची. वरचा वाळलेला पापुद्रा फिकट राखाडी होता, कुदळीच्या टोकाने तो उकरला तर आतली ओली माती काळीशार निघाली. जवळून पाहिलं तर तिच्यात बारीक आडव्या रेघा होत्या, वहीच्या पानांसारख्या. नखाने एक पान सुटं केलं. शांत पाण्यात गाळ बसल्याशिवाय असं होत नाही. लाटा, प्रवाह, पायांची वर्दळ यातलं काहीही असतं, तर ही पानं कधीच कालवली गेली असती.

इथे जरा थांबते, कारण या मातीचं सगळं वागणं त्या शांत पाण्यातून आलंय. चिकण मातीचा कण म्हणजे 0.002 मिलिमीटरपेक्षा लहान. असा कण स्थिर पाण्यात 10 सेंटीमीटर खाली जायला साधारण 8 तास घेतो. जाड वाळूला तेवढंच अंतर जायला काही सेकंद पुरतात. त्यामुळे नदी तळ्यात शिरली की वाळू तोंडाशीच टाकते आणि सगळ्यात बारीक कण दूर आत, पाणी जिथे हलत नाही तिथे, सावकाश उतरतात. काठमांडूत हे आजही जमिनीत वाचता येतं. उत्तरेला शिवपुरीच्या पायथ्याशी वाळूच वाळू, आणि मधल्या भागात ही चिकण. भूगर्भशास्त्रातही तिचं नाव कालीमाटी असंच आहे. शहरात याच नावाची वस्ती आहे आणि तिथला भाजीबाजार सगळ्या काठमांडूला ठाऊक आहे.

काळा रंग कुजलेल्या वनस्पतींचा. तळाशी हवा पोचत नव्हती, म्हणून ते कुजणं अर्धवट राहिलं. गाळात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची काचेरी कवचंही आहेत, पण ती दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो. प्राणवायू नसलेल्या मातीत लोहही वेगळं वागतं, गंजून लाल होत नाही. काही ठिकाणी ते फॉस्फरसशी जोडून व्हिव्हिअनाइट नावाचं खनिज बनतं. जमिनीत ते पांढरट असतं आणि उघड्यावर आलं की निळं पडतं. कालीमाटीत ते सापडतं हे मी वाचलं होतं. त्या कापलेल्या काठावर मला तांदळाच्या दाण्याएवढे दोन निळे ठिपके दिसले आणि मी तिथे मांडी घालून बसलेच.

वरच्या बांधावर एक वयस्कर बाई कोदाळीने वाफे करत होत्या. त्यांनी हाक मारली, "बहिनी, के खोज्नुभएको?" काय शोधतेस, असं. मी हातातलं ढेकूळ दाखवलं. "माटो, आमा." माती, आई. त्या हसल्या नाहीत. उतरून आल्या, ढेकूळ घेतलं, अंगठ्याने दाबलं आणि म्हणाल्या, "चिम्टे छ." हाताला चिकटणारी. मग अर्धं नेपाळी, अर्धं हिंदी आणि पुष्कळसं हातवारे करत आमचं बोलणं झालं. या मातीत भात उत्तम होतो, कारण चिखलणी केली की पाणी खाली जातच नाही. पण भात निघाल्यावर गहू किंवा बटाटा घ्यायचा, तर दिवस नेमके साधावे लागतात. ओली असताना पाय घातला तर शेताचा लगदा होतो आणि पूर्ण वाळली तर ढेकळं दगडासारखी. मधले थोडे दिवस काय ते आपले. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे याला वाफसा म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

त्यांच्या हातातली कोदाळी मी मुद्दाम पाहिली. रुंद पात्याची, आखूड दांड्याची, मारताना कमरेत पूर्ण वाकायला लावणारी. या खोऱ्यातले नेवार शेतकरी, ज्यापू, परंपरेने नांगर वापरत नाहीत. सगळी जमीन हाताने उलटतात. त्यामागे बैल न जुंपण्याची धार्मिक कारणं सांगतात आणि ती असतीलही. पण ती माती हातात घेतल्यावर मला वाटतं, कोदाळी हीच इथली शहाणी निवड आहे. अशा चिकणीत नांगर एकाच खोलीवर घासत राहिला की खाली कडक तवा तयार होतो. कोदाळी ढेकूळ खोलवरून उचलून उलटं टाकते, त्याला ऊन आणि वारा लागतो, आणि मग ते आपसूक फुटायला लागतं. पूर्वी शेतकरी खोल खड्ड्यांतून ही काळी माती काढून वरच्या हलक्या जमिनींत खत म्हणून टाकत. तळ्याने साठवलेलं सेंद्रिय द्रव्य, आणि शिवाय पाणी धरून ठेवणारी चिकण.

मी चाचणी तिथेच केली. मूठभर माती ओली करून मळली आणि तळहातांमध्ये वळली. 3 मिलिमीटरची दोरी झाली, तुटली नाही. तिचं कडं केलं, तरी चीर पडली नाही. आमांनी तेच कडं घेऊन पुन्हा गोळा केला आणि परत दिला. तो गोळा मी पानात गुंडाळून घेतला.

दुसऱ्या दिवशी भक्तपूर. वाटेत वीटभट्ट्यांची धुराडी दिसत राहतात. पावसाळा संपला की शेतातली माती काढून विटा पाडतात आणि पावसाळ्यात बऱ्याच शेतांत पुन्हा भात लागतो. पण दर वर्षी वरचा थर गेल्यावर खालून जे उघडं पडतं ते माती म्हणायला अजून कच्चं असतं. त्यात मुळांनी केलेल्या वाटा नसतात, गांडूळ नसतं. मला हे पाहून त्रास झाला. त्याच विटांची देखणी घरंही समोर होती, हे मान्य करूनच सांगते. जुन्या देवळांच्या भिंतींना लावलेल्या दाची अप्पा विटा पाचरीच्या आकाराच्या असतात. दर्शनी बाजू मोठी, मागची लहान, त्यामुळे दोन विटांमधला सांधा बाहेरून दिसतच नाही. बोट फिरवलं तर पृष्ठभाग तुळतुळीत.

कुंभारांच्या चौकात शेकडो मडकी उन्हात मांडलेली होती. चिकण कणांचे पातळ पापुद्रे एकमेकांवरून सरकतात, म्हणून चाकावर ही माती हवी तशी उठते. पण पापुद्र्यांमधलं पाणी उडालं की ती आकसते आणि घाई केली तर तडकते. म्हणून आधी दिवसेंदिवस सुकवणं, मग गवताच्या पेंढ्याखाली आणि राखेखाली सावकाश भाजणं. दुपारी अशाच मातीच्या वाडग्यात लावलेलं जुजु धौ, म्हणजे इथलं दही, खाल्लं. वाडगं दह्यातलं पाणी शोषतं, त्यामुळे दही घट्ट होतं. भाजल्यावर माती पाण्याशी नेमकं उलट वागायला लागते. कच्ची असताना थेंब खाली जाऊ देत नाही आणि भाजली की पिते.

संध्याकाळी काठमांडूत धरहऱ्यापाशी गेले. आता आहे तो नवा मनोरा. जुना 1934 च्या भूकंपात मोडला, पुन्हा उभा राहिला आणि 25 एप्रिल 2015 ला 7.8 तीव्रतेच्या भूकंपात बुंध्यापासून कोसळला. त्या दिवशी आतल्या माणसांपैकी अनेकजण परतले नाहीत. तिथे उभं राहून मातीबद्दल बोलणं कठीण जातं, पण माती त्यात होतीच. खोऱ्याचा मऊ गाळ कठीण खडकाच्या वाटीत भरलेला आहे. 2015 ला हा गाळ एका लयीत हलला, एक हेलकावा साधारण 4 ते 5 सेकंदांचा. परातीत पाणी घेऊन चालताना ते मागेपुढे होतं, तसा. एवढ्या संथ हेलकाव्याने उंच बांधकामांना जास्त धोका असतो. खडकाच्या उंचवट्यावर वसलेल्या कीर्तिपूरला मोजलेली हालचाल याहून अगदी वेगळी होती. जुन्या नेवार वस्त्या टेकाडांवर आणि उंच टारांवर, म्हणजे नदीकाठच्या उंच सपाट जागांवर, आहेत आणि सखल चिकण भातासाठी सोडलेली. सुपीक जमीन वाचवणं हे त्यामागचं कारण असेल, पण जुन्या कीर्तिपूरचं घर आणि खालच्या शेतात आता उभी राहिलेली पाच मजली इमारत यांच्या पायांखालची जमीन एक नाही.

शेवटच्या सकाळी रानीपोखरीला फेरी मारली. प्रताप मल्ल राजाने 1670 मध्ये बांधलेलं हे तळं 2015 च्या भूकंपात खराब झालं. दुरुस्तीत काँक्रीट वापरायला सुरुवात झाली तेव्हा लोक रस्त्यावर आले, काम थांबलं, आणि पुढे तळाला काळी माती घालून, विटांनी, जुन्या पद्धतीने ते पूर्ण झालं. काठावर मला हे वाचायचं नव्हतं, नुसतं पाहायचं होतं. पाणी भरलेलं होतं. पुरातन तळ्याने खाली बसवलेली माती आता पुन्हा एका तळ्याचं पाणी धरून होती.

खोलीवर परत आले. आदल्या रात्री आमांच्या गोळ्यातला चिमूटभर भाग पेल्यात कालवून खिडकीत ठेवला होता. बॅग भरताना पाहिलं. बारा तास उलटून गेले होते. तळाशी करंगळीच्या नखाएवढा काळा थर, आणि वर, अगदी काठाशी, बोटभर पाणी निवळलेलं. बाकीचं अजून गढूळ होतं. टॅक्सी खाली आली होती. पेला तसाच, न हलवता, खिडकीतल्या कुंडीशेजारी ठेवला आणि निघाले.